पहिला ओपन सोर्स प्रकल्प निवडताना या चुका टाळा

लातूरला दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करायला लॅपटॉप घेऊन बसतो. नवी पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, लिनक्स कर्नलमध्ये पॅच कसा टाकायचा?" कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. तिथे पॅच आजही ईमेलने पाठवतात हे सांगितलं की निम्मे गप्प होतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही धड हाताळता येत नाही अन् थेट कर्नल! या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण तिच्यामुळे चांगली पोरं हातची जातात.

नावाला भुलणं. मागच्या पावसाळ्यात औशाचा एक पोरगा आला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा. क्रोम ब्राउझर ज्यावर बनतो तो क्रोमियमच पाहिजे म्हणून हटून बसला. क्रोमियम बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारा ब्राउझर बनवायला, किमान 8 जीबी रॅम आणि 100 जीबी मोकळी जागा लागते, हे त्यांच्याच सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. ह्याच्याकडे 4 जीबीचा जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. नऊ दिवस डाउनलोडच चाललं. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कोडची एक ओळ न वाचता म्हणाला, "मला हे जमणार नाही."

वापसा आला नसताना पेरलं तर बी वाया जातं, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मी एवढंच विचारलं, "रोज काय वापरतोस?" नोट्सच्या पीडीएफ जोडायला तो पायथनमधलं एक छोटं टूल वापरायचा. फायलींच्या यादीत मराठी नावं असली की विंडोजवर ते अडायचं. यादी उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, सांगितलेलंच नव्हतं, म्हणून विंडोज आपलं जुनं एन्कोडिंग लावायचं आणि "प्रकरण तीन"चा चिखल व्हायचा. त्याने तिथे मराठीही नीट वाचणारं यूटीएफ-8 लिहिलं, सोबत एक टेस्ट, म्हणजे बदल बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, जोडली. चार दिवसांत पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला. स्वतःला रोज जे खुपतं तिथूनच सुरुवात करा, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

टी-शर्टसाठी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, शब्द घुसडणं. हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरमधला उपक्रम 2014 पासून चालू आहे. 2020 मध्ये टी-शर्टसाठी पाठवलेल्या असल्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे "माझा बदल घ्या" अशा विनंत्यांचा, एवढा पूर आला की महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला आणि प्रकल्पाचा होकार सक्तीचा झाला. फुकट राबणाऱ्या माणसांचा वेळ खाऊ नका.

लायसन्स, म्हणजे कोड कसा वापरायचा याची परवानगी, न बघणं. लायसन्सची फाइल नसेल तर कोड नुसता दिसतो, वापरायचा किंवा बदलायचा हक्क मिळत नाही. असा प्रकल्प सोडून द्या.

भाषांतराला हलकं समजणं. लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर, ब्राउझरमध्येच करता येतं. तिथे जड मशीन लागत नाही, मराठी मात्र चांगली लागते.

तारे मोजून प्रकल्प ठरवणं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे तारे म्हणजे कधीकाळी कुणीतरी पसंती दिली एवढंच. आत आज कुणी आहे का, हे त्यावरून कळत नाही. अंबाजोगाईच्या एका मुलीने हजारो तारे असलेल्या लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडवर, तीन आठवडे घालवले. काम नेटकं, टेस्टसकट. सात महिने साधं उत्तर नाही. नंतर आम्ही दोघांनी बसून बघितलं तर दोन वर्षांत बाहेरच्या कुणाचीच रिक्वेस्ट मर्ज झालेली नव्हती. तिचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, कारण आधी बघायला मीच सांगायला हवं होतं.

आता माझी सवय अशी: बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट उघडायच्या आणि शेवटच्या दहा वाचायच्या. बाहेरच्यांच्या किती, पहिलं उत्तर किती दिवसांनी आलं, नवख्याशी कसं बोलले, हे वहीत लिहायचं. तीन महिन्यांत बाहेरचं काहीच मर्ज नसेल तर मी पुढे जातो. इश्यूवर, म्हणजे प्रकल्पात नोंदवलेल्या अडचणीवर, नवख्यांसाठीचं "गुड फर्स्ट इश्यू"चं लेबल दिसलं तरी ते कधी लावलंय ते बघतो.

ती मुलगी आता कोडला हात लावण्याआधी इश्यूखाली दोन ओळी लिहिते: मी हे घेऊ का, आणि अशा पद्धतीने केलं तर चालेल का? उत्तर येईपर्यंत फक्त टेस्ट चालवून बघते.