मदरबोर्ड बदललाय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर उघडला की आधी पिवळी धूळ निघते. फॅन जाम, बोर्ड तापलेला, आणि मशीन बसतं ते नेमकं आवक जोरात असताना. मग घाईघाईत नवा बोर्ड येतो आणि बसवणारा गडी पहिलाच प्रश्न टाकतो, "शेठ, फॉरमॅट मारू ना?"

नको म्हणा. ही विंडोज एक्सपीच्या जमान्यातली सवय आहे. तेव्हा बोर्ड बदलला की निळा पडदा ठरलेलाच असायचा. विंडोज १० आणि ११ बहुतेक वेळा नवा बोर्ड आपणहून ओळखतात. एक-दोनदा रिस्टार्ट होतं, चहा संपेपर्यंत डेस्कटॉप समोर.

खरी गडबड जुना बोर्ड काढण्याआधीच होते. जुनं मशीन अजून चालू होत असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, सुरू आहे का बघा. त्याची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असते, त्यामुळे बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. बिटलॉकर आधीच 'सस्पेंड' केलं, म्हणजे तात्पुरतं थांबवलं, तर हा ताप नाही. बोर्ड मेलेलाच असेल तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा, बऱ्याचदा की तिथे सापडते. विंडोजचं लायसन्सही त्याच अकाउंटला आधी जोडून ठेवा. स्वतंत्र विकत घेतलेलं लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डाबरोबरच जातं. आणि शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून शटडाऊन करा. नाहीतर फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर उघडण्याची सोय जुन्या बोर्डाची अर्धी आठवण डिस्कवर लिहून ठेवते.

नव्या बोर्डावर निळा पडदा आला, त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलंय, की लोक हार्ड डिस्क गेली म्हणून मोकळे होतात. डिस्क सहसा ठणठणीत असते. जुन्या बोर्डावर साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीई किंवा रेड होता आणि नव्यावर एएचसीआय आहे, एवढाच घोळ. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जुना मोड मिळत असेल तर तो लावा. मिळत नसेल तर सेफ मोडमध्ये एकदा चालू करून पुन्हा नेहमीसारखं चालू करा, बऱ्याचदा भागतं. डिस्क बायोसमध्ये दिसते पण बूटच्या यादीत येत नाही, हा वेगळा आजार. जुनं विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असतं, आणि ती पद्धत चालवणारं सीएसएम नव्या बोर्डांत बंद असतं, काहींत तर नसतंच. विंडोज १० पासून 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन डेटा न पुसता डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची करून देतं. तरी हिशोबाची कॉपी आधी पेन ड्राइव्हवर घ्याच.

आता ड्रायव्हर, म्हणजे बोर्डावरची प्रत्येक चिप विंडोजला चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका. ड्रायव्हर एक येतो, जाहिराती दहा. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर जा, पण खोक्यावरचं नाव वाचून नको. बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचा आणि कोपऱ्यातला 'रेव्ह' आकडाही, कारण एकाच नावाच्या दोन रेव्हिजनमध्ये लॅनची (नेटच्या केबलची) किंवा साउंडची चिप वेगळी असू शकते. लॅनचाच ड्रायव्हर नसेल तर डाउनलोड कशावरून करणार? मोबाईल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, विंडोजला मोबाईलचं नेट मिळतं. चिपसेटचा (बोर्डाच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर पहिला, मग रिस्टार्ट, मग बाकीचे.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, त्यातली पिवळी खूण बघून घाबरू नका, नावं ओळखायला शिका. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेट ड्रायव्हर राहिलाय. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' म्हणजे बहुतेक इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर राहिलाय. नुसतं 'अननोन' असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी बघा. त्यात व्हेंडरचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा, कोड असतो: ८०८६ इंटेल, १०२२ एएमडी, १०ईसी रिअलटेक.

एका अडत दुकानात माझा अख्खा दुपारचा वेळ गेला तो अशा चुकीपायी, जी डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नव्हती. बोर्ड बदलला, सगळे ड्रायव्हर बसले, पिवळी खूण एकही नाही, तरी काट्याजवळच्या मशीनवरून बिलं निघेनात. जुना ठरलेला आयपी पत्ता (नेटवर्कमधला मशीनचा नंबर) नव्या लॅनला द्यायला गेलो तर विंडोज म्हणतं, तो दुसऱ्या कार्डाला दिलाय. दुसरं कार्ड आहेच कुठे? जुन्या बोर्डाबरोबर भंगारात! पण विंडोजच्या वहीत त्याचं खातं उघडंच होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' केलं, फिकट दिसणारं जुनं लॅन कार्ड अनइन्स्टॉल केलं, पत्ता बसला. शेठ म्हणाले, "मघाशी फॉरमॅटच मारायला हवा होता." फॉरमॅटनेही झालं असतं म्हणा, पण मग टॅली, प्रिंटर, मराठी फॉन्ट सगळं पुन्हा टाकत दोन दिवस मीच बसलो असतो.

डिस्प्लेच येत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असताना ती बोर्डाच्या एचडीएमआयला लावणारे रोज भेटतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, तिथे बोर्डाच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही.

विंडोज ७ वर अडून बसलेल्यांसाठी एकच: सहाव्या पिढीच्या इंटेल बोर्डापासून पुढे विंडोज ७ टाकायला गेलात तर यूएसबी कीबोर्ड-माउस मध्येच मुके होतात, कारण त्यांचा यूएसबी ३ ड्रायव्हर त्या सीडीत नाही. गोल पिनेचा जुना पीएस/२ कीबोर्ड माळ्यावर असेल तर टाकून देऊ नका.