लॉर्ना शोर ऐकायचंय? मग उलटे चाला

न्यू जर्सीच्या या डेथकोर (म्हणजे अतिजड, किंचाळणाऱ्या मेटल) बँडचा पहिला अल्बम आधी लावू नका, माझं ऐका. सुरुवात २०२१च्या 'टू द हेलफायर' या गाण्याने करा. हेडफोन लावा, आवाज बेताचा ठेवा; शेवटी शेवटी गायक विल रामोस घशातून जे काही काढतो, त्याला गाणं म्हणायचं का, हे घरच्यांना विचारू नका! दुसऱ्या खेपेला त्याला सोडा आणि मागची तंतुवाद्यं, कोरस पकडा. मग २०२२चा 'पेन रिमेन्स'. त्यातली शेवटची तीन गाणी म्हणजे एकच शोक, सलगच ऐका. त्यानंतर २०१७चा 'फ्लेश कॉफिन': इथे गायक टॉम बार्बर, वाद्यवृंदही विरळ. गायक बदलले, पण ॲडम डी मिक्कोची गिटार लगेच ओळखू येते. २०१५चा 'साम्स' मी क्वचितच लावतो.