आलेखावर पीक आला, पण तो कोणाचा?

माझी पहिली टीएलसी प्लेट (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले पदार्थ पातळ थरावर वेगळे करायची पद्धत) मी बॉलपेनने बिघडवली. सिलिका जेलचा पांढरा थर असलेली ती छोटीशी पट्टी, खाली ठिपका देण्यासाठी रेघ मारायची होती, खिशात पेन होतं, मारली. सॉल्व्हंट (द्रावक) वर चढू लागला आणि माझ्या नमुन्याआधी शाईच चालू लागली! निळ्या रेघेतून जांभळा, आकाशी असे दोन-तीन पट्टे सुटले. प्लेट वाया गेली, पण क्रोमॅटोग्राफी काय असते ते तेव्हा जे कळलं ते व्याख्या पाठ करून कळलं नव्हतं. रेघ पेन्सिलीनेच मारायची. ग्रॅफाइट विरघळत नाही, जागचं हलत नाही.

मुळात सगळा खेळ ओढाताणीचा आहे. एक टप्पा स्थिर, दुसरा वाहता. जो पदार्थ स्थिर टप्प्याला जास्त चिकटतो तो मागे रेंगाळतो, ज्याला वाहत्या द्रवात रमायला आवडतं तो पुढे निघून जातो. मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. 1906 मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे ‘रंगलेखन’, हे नाव दिलं. आज आपण वेगळे करतो त्यातले बहुतेक पदार्थ रंगहीन असतात, नाव मात्र टिकलं.

टीएलसीवर हात बसला की एचपीएलसी, म्हणजे वाहता द्रव पंपाने कॉलममधून (भरलेल्या नळीतून) ढकलणारं यंत्र. इथे नवख्यांना वाटतं, यंत्र महाग म्हणजे ते सगळं सांभाळून घेईल. उलट आहे. नेहमीच्या सी-18 कॉलममध्ये (याचा स्थिर टप्पा पाण्याशी फटकून असतो) 5 मायक्रॉनचे कण ठासून भरलेले असतात, त्यामुळे मोबाइल फेज (वाहता द्रव) गाळून आणि त्यातली हवा काढूनच वापरायचा. पंपात बुडबुडा अडकला की प्रेशर वरखाली होतं आणि आलेखाच्या सपाट रेषेला, बेसलाइनला, करवतीचे दाते येतात. फॉस्फेट बफर (मिठाचं पाण्यातलं द्रावण) चालू असताना एकदम शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकावर उडी मारू नका, मीठ आतच साकळतं. आधी बफरऐवजी पाणी असलेल्या मिश्रणाने धुऊन घ्या. घरी जायची घाई असते तेव्हाच नेमकं हे विसरतं.

पण खरी ठेच मला वेगळीकडे लागली. नमुन्याचा पीक (पदार्थ बाहेर पडताना आलेखावर उमटणारा उंचवटा) 6.2 मिनिटांना आला, स्टँडर्डचाही, म्हणजे तुलनेसाठीच्या ओळखीच्या शुद्ध पदार्थाचाही, तिथेच. वहीत स्टँडर्डचंच नाव लिहून मी मोकळी झाले. सीनियरने वही पाहिली, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘नमुन्यात थोडं स्टँडर्ड मिसळ, मोबाइल फेजमध्ये पाणी जरा वाढव, आणि पुन्हा इंजेक्ट कर.’’ सी-18 वर पाणी वाढवलं की पदार्थ उशिरा बाहेर पडतात आणि जवळजवळ आलेल्यांना फाकायला जागा मिळते. पीक आठ मिनिटांच्या पुढे सरकला. त्याच्या उतारावर आधी खांद्यासारखा फुगवटा दिसला, पाणी आणखी वाढवल्यावर त्याचे सरळ दोन पीक झाले. माझा पदार्थ स्टँडर्ड नव्हताच, त्याच्या शेजारून चालणारा कोणीतरी होता.

रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) जुळला म्हणजे एवढंच कळतं की दोघे एकाच वेळी दारातून बाहेर पडले. वेळ जुळली नाही तर मात्र, परिस्थिती तीच असेल, तर ‘हा तो नव्हे’ असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. म्हणून मी आता वेगळ्या प्रकारच्या कॉलमवर तपासते, डायोड अ‍ॅरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर प्रकाशशोषण मोजणारा) असेल तर पीकच्या सुरुवातीला, माथ्यावर आणि शेवटी यूव्ही स्पेक्ट्रम सारखाच आहे का ते बघते. शक्य असेल तेव्हा मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणं.

तीही सर्वज्ञ नाही बरं का. झायलीनच्या तिन्ही समघटकांचं (अणू तेच, मांडणी वेगळी: ऑर्थो, मेटा, पॅरा) रेणुवस्तुमान 106, मास स्पेक्ट्रम जवळजवळ सारखेच. तिथे उलट कॉलमचीच मदत घ्यावी लागते. ऑर्थो सुटा पडतो, पण मेटा आणि पॅरा नेहमीच्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, यात वाहता टप्पा वायू असतो) कॉलमवर बहुधा एकत्रच बाहेर येतात. म्हणून कित्येक अहवालांत ‘मेटा + पॅरा झायलीन’ अशी एकच ओळ असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो टायपिंगचा घोळ वाटला होता. मी ती दुरुस्त करायलाही निघाले होते.