लहान विमानाचा लांब पल्ला : पाणी कसे प्यावे, लघवीची सोय कशी करावी

सेस्ना १७२ सारखे विमान टाकी भरलेली असली की चार-पाच तास सहज उडते. आत शौचालय नाही, आणि मूत्राशय तेवढा वेळ दम धरेलच असे नाही. म्हणून बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम! उंचीवर हवा कोरडी, त्यात काचेतून ऊन. अंगातले पाणी कमी झाले की डोके दुखते, लक्ष उडते, साधे हिशेब चुकतात. तहान मात्र उशिरा लागते. तेव्हा आधी लघवीची सोय लावा, मग निर्धास्त पाणी प्या.

१. आदल्या दिवसापासून नेहमीसारखे पाणी पीत राहा. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. निघताना लिटरभर ढोसू नका. कडधान्ये, कोबी, सोडा टाळा : १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो, त्यामुळे पोटातला वायू जवळपास दीडपट फुगतो.

२. थांबे इंधनावर नाही, माणसांवर ठरवा. दर दोन-अडीच तासांनी उतरता आले तर उत्तम. तिथले शौचालय उघडे असते का, हे आधी फोन करून विचारा. इंजिन सुरू करण्यापूर्वी, लागली नसली तरी, जाऊन या.

३. लघवीचा जेल करणाऱ्या पावडरीच्या पिशव्या मिळतात. त्या सर्वांत सोयीच्या. नाहीतर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, लिटरभराची बाटली. तिच्यावर ठळक खूण करा (पिण्याची बाटली तशीच दिसत असेल तर का, ते सांगायला नको). स्त्रियांसाठी नरसाळ्यासारखे साधन मिळते. सांडलवंड टाळा, लघवीने ॲल्युमिनियम गंजते. कपडे दोन भागांत असावेत. अंगभर एकसंध पोशाख इथे फार छळतो.

४. घरी सराव करा. ही पायरी लोक लाजून गाळतात आणि हवेत फसतात. खुर्चीत, कपड्यांसकट बसून लघवी करायला शरीर आधी चक्क नकार देते. न्हाणीघरात खुर्ची ठेवा आणि ते साधन दोन-तीनदा वापरून पाहा.

५. हवेत दर १५-२० मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. लघवी अगदी असह्य होईपर्यंत थांबू नका. कळ दाबून बसलेला वैमानिक घाईने उतरतो. विमान सरळ, स्थिर असताना ट्रिम करा (म्हणजे दांड्यावर जोर न लावता ते तसेच उडत राहील असे बसवा), ऑटोपायलट लावा किंवा शेजारच्या वैमानिकाकडे ताबा द्या. पट्टा सैल करा, सोडू नका. हे खाली उतरायला लागण्यापूर्वीच उरका. एकटे असाल, ऑटोपायलट नसेल आणि हवा हेलकावत असेल, तर जवळच्या विमानतळावर उतरा. प्रवाशांना हे सगळे जमिनीवरच सांगा, आडोशाला एक टॉवेल ठेवा.

शौचासाठी मात्र उतरणे हाच मार्ग. पोट बिघडले असेल तर त्या दिवशी उड्डाण रद्द करा. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन विमान चालवायला बसू नका, तिने गुंगी येऊ शकते.