कमिटीची निवड जात, पत्ता आणि ओळख न बघता कशी करायची

नवं सत्र सुरू झालं की नागपूरच्या कॉलेजांत गॅदरिंग, टेकफेस्ट, नाट्यमंडळ, वादविवाद मंडळ यांच्या कमिट्यांचे फॉर्म निघतात. कुणाला घ्यायचं ते सिनियर ठरवतात, सर सही करतात ती तयार यादीवर. भेदभाव मुलाखतीत क्वचितच उघड होतो. तो होतो मुलाखतीआधी फॉर्म चाळताना आणि नंतर दार लावून चर्चा करताना. त्यामुळे बंदोबस्तही या दोन जागीच करावा लागतो.

अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात 2013 साली हेच चव्हाट्यावर आलं. तिथल्या सोरोरिटी म्हणजे मुलींची सभासद-मंडळं. उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला एकाही मंडळाने घेतलं नाही. सप्टेंबरात 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं की काही मंडळांतल्या मुलींना ती हवी होती, पण माजी सदस्यांनी अडवलं. देशभर बोभाटा झाल्यावर विद्यापीठाला सभासद-भरती पुन्हा खुली करावी लागली. आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की खोलीत बसलेल्यांचं मन साफ असून भागत नाही. यादीवर खोलीबाहेरून हात फिरतो का, ते आधी बघा. आपल्याकडे तो हात पास होऊन गेलेल्या सिनियरचा असतो. "अमक्याला घ्या, आपला पोरगा आहे" असा फोन येतो. असे फोन मोजायचे नाहीत, असा नियम फॉर्म निघण्याआधी लिहून नोटीस बोर्डावर लावा.

फॉर्ममध्ये आडनाव, पत्ता, शाळेचं नाव, प्रवेशाचा प्रवर्ग, सीईटी किंवा जेईईचा रँक यातलं काहीही विचारू नका. गॅदरिंगच्या स्टेजला रँक लागत नाही, आणि रँकवरून लोक प्रवर्गाचा अंदाज बांधतात. पत्त्याचंही तसंच. इंदोरा (नागपूरची दलितबहुल वस्ती) की लक्ष्मीनगर (सुखवस्तू वस्ती) एवढं कळलं की उरलेलं ज्याचं तो मनातल्या मनात जोडतो. गुगल फॉर्ममध्ये संपर्कासाठी नाव आणि फोन घ्यावाच लागतो, म्हणून शीट आली की प्रत्येक अर्जाला क्रमांक द्या आणि फक्त क्रमांक व उत्तरं नव्या फाइलमध्ये उतरवा. नावाचा कॉलम नुसता लपवून चालत नाही, कारण ज्याच्याकडे एडिटचा हक्क आहे तो दोन क्लिकमध्ये तो उघडतो. मूळ फाइल एकाच माणसाकडे राहू द्या, आणि तो गुण देणाऱ्यांत नको.

निकष नावं येण्याआधी ठरवा. चार पुरेत: दिलेलं काम, वेळेची तयारी, आधी केलेलं कोणतंही काम, इतरांसोबत काम करण्याची पद्धत. प्रत्येकी 5, एकूण 20 गुण. "आपल्या ग्रुपमध्ये जमेल का" किंवा "वाइब" हा निकष ठेवू नका. बहिष्कार नेमका याच रकान्यात लपतो. आधीच्या कामात गावच्या गणेश मंडळाचा हिशेब, भीमजयंतीच्या मिरवणुकीची व्यवस्था, घोटुलातलं (गोंड-माडिया तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घरातलं) किंवा दंडारीतलं (पूर्व विदर्भाच्या लोकनाट्यातलं) काम, सगळं धरा. शहरातल्या शाळेचा हेडबॉय म्हणजेच अनुभव, असं नाही.

मुलाखतीच्या आधी काम द्या: 48 तासांत एका कार्यक्रमाचं एक पानी अंदाजपत्रक. मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही भाषा चालेल, हे फॉर्मवरच लिहा. मुलाखतीत चेहरा दिसतो, बोली ऐकू येते, नाव झाकून काही उपयोग राहत नाही. म्हणून कामाचे गुण मुलाखतीआधीच पक्के करा. गडचिरोलीचा मुलगा झाडीबोलीत उत्तर देतो, ईशान्येकडची मुलगी तुटक हिंदीत. दोघांचे गुण कापले जातात आणि कापणाऱ्याला वाटतं आपण आत्मविश्वास मोजला. पॅनेलमध्ये तिघे असावेत, तिघेही एकाच टोळक्यातले नकोत. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. "पूर्ण नाव सांग", "मूळचा कुठला", "घरी काय करतात" हे प्रश्न बंद. प्रत्येकाने आपले गुण पेनने लिहून कागद उलटा ठेवायचा, मगच बोलायचं. आधी चर्चा झाली तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा सिनियर तिघांचे गुण ठरवतो. 20 पैकी 4 पेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी कारण लिहून द्यायचं.

वेळ आणि पैसा यांनीही गाळणी लागते. समाजकल्याणच्या वसतिगृहाला गेटची वेळ असते. रात्री आठची मुलाखत ठेवली की तिथली मुलं आपोआप बाहेर. कमिटीच्या टी-शर्टची, पार्टीची वर्गणी सक्तीची करू नका.

यादी लागली की पडताळा घ्या. जात विचारू नका. वसतिगृह, जिल्हा, शाळेचं माध्यम एवढं निवडीनंतर निनावी घेतलं तरी पुरे. समजा शहरातल्या 30 अर्जांतून 12 निवडले, म्हणजे 40 टक्के, आणि वसतिगृहातल्या 40 मधून 4, म्हणजे 10 टक्के. अमेरिकेत नोकरभरतीसाठी 1978 पासून एक ढोबळ कसोटी आहे: कमी प्रमाण जास्त प्रमाणाच्या चार-पंचमांशाखाली गेलं की प्रक्रिया तपासायची. इथे ते चौथ्या हिश्शावर आहे. कोणत्या टप्प्यावर गळती झाली ते शोधा. अर्ज दहाबाराच असतील तर मात्र एका माणसाने टक्केवारी उलटते, तेव्हा गुणपत्रिकाच वाचा.

आता ज्याला डावललं गेलं त्याच्यासाठी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 मध्ये दुरुस्ती झाली. वर्ण, वंश, धर्म, जात, प्रादेशिक मूळ, भाषा, आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ, दादागिरी आणि वगळणं तेव्हापासून रॅगिंगमध्ये मोडतं. तक्रारीत ही दुरुस्ती नावाने लिहा. त्याच दिवशी तारीख, वेळ, हजर असलेले आणि नेमके शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रागाने सोडू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर मागचंपुढचं काढलं असा आक्षेप येतो. अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाला चौकशी करावी लागते. हालचाल दिसली नाही तर 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान झाला असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो आणि तक्रार पोलिस ठाण्यात जाते. नुसतं निवडलं नाही म्हणून हा गुन्हा उभा राहणं कठीण. तिथे वरचा रस्ता धरा. केबिनमध्ये बोलावून "गैरसमज झाला होता" असं लिहून मागितलं तर तिथल्या तिथे सही करू नका. कागदाची प्रत मागा, वसतिगृहात नेऊन वाचा, विश्वासातल्या सरांना किंवा वकिलाला दाखवा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, लेखी द्या.