पायावर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटायची

जळगावची थंडी कोरडी. दर डिसेंबरात माझ्या नडग्यांवर नखाने रेघ ओढली की पाटीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी उमटायची. रात्री खाज. दोन महागडी क्रीमं संपवली, फरक शून्य.

चूक न्हाणीघरात होती. कढत पाणी बादलीभर अंगावर घ्यायचे आणि साबणाने खसाखसा घासायचे. त्याने कातडीवरचे नैसर्गिक तेलच धुऊन जाते. आता पाणी कोमट, साबण फक्त काखेत-जांघेत, आणि अंग नुसते टिपून ओलसर असतानाच खोबरेल. सासूबाई कधीच्या सांगत होत्या, "तेल लाव ना व माय!" पण सांगणारी घरचीच, म्हणून ऐकले नाही.

खाण्यात फार उलथापालथ केली नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी होतीच, तिच्यासोबत रोज चमचाभर जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे. अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, त्यामुळे कुटणे चुकवायचे नाही. दुपारच्या बिस्किटांऐवजी पेरू. शेवभाजी मात्र सोडली नाही, रविवारी होतेच.

पहिले दोन आठवडे काहीच दिसले नाही, वैतागले होते. वरची कातडी नवी व्हायला साधारण महिना लागतो. संक्रांतीपर्यंत रेघ उमटायची थांबली. जवसाने की तेलाने? माझे मत तेलाला. टाचांच्या भेगा अजून आहेत, तिथे रात्री तेल चोळून मोजे घालते.