जर्मनीत गाडी चालवताना: बाजू सोपी, 'आधी कोण' अवघड

शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत नव्याने आलेलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, "उलट्या बाजूने गाडी चालवायची भीती नाही वाटत?" खरं सांगायचं तर बाजूची भीती पहिल्या काही दिवसांतच जाते. पुढची गाडी उजवीकडून चाललीय, आपण तिच्या मागे, विषय संपला. स्वीडनने तर 3 सप्टेंबर 1967 च्या पहाटे अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, आणि लोक चालवू लागले. खरी गोची पुढे आहे. आपल्याकडे चौकात आधी कोण जाणार हे त्या क्षणी ठरतं. गाडीचा आकार, वेग, हॉर्न आणि कोण किती निर्ढावलेला आहे यावर. इथे ते अगोदरच ठरलेलं असतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे असं धरूनच समोरचा येतो. म्हणून बाजूबद्दल थोडं आणि या 'आधी कोण'बद्दल जास्त लिहिते. मी स्टुटगार्टजवळ राहते, त्यामुळे उदाहरणं इकडचीच.

आधी कागदपत्रं उरकू. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, काढून आणा. नुसतं भारतीय लायसन्स इथे भाषांतराशिवाय चालत नाही, आणि भाषांतराचं काम आयडीपी करतं. पण हे सगळं जर्मनीत राहायला आल्यापासून 6 महिनेच चालतं. आयडीपीवर वर्षभराची मुदत छापलेली असते, ती बघून पुष्कळ जण वर्षभर निर्धास्त राहतात. तसं राहू नका. सहा महिने उलटल्यावर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो इथे दंड भरून सुटण्यातला मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे.

जपान किंवा दक्षिण कोरियाच्या माणसाला आपलं लायसन्स देऊन जर्मन लायसन्स मिळतं. त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यातल्या त्यात सवलत एकच: हातात भारतीय लायसन्स असेल तर ठरावीक तासांचं सक्तीचं शिक्षण माफ असतं. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग मात्र करावाच लागतो. तरी फारशूले, म्हणजे इथलं ड्रायव्हिंग स्कूल, गाठावं लागतंच, कारण परीक्षेला गाडी त्यांची आणि शेजारी शिक्षकही त्यांचाच. सक्ती नसली तरी थोडे धडे घ्या, असं मी सांगेन. पुण्यात दहा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला काय शिकायचंय, असं वाटतं. पण त्या दहा वर्षांत मुरलेल्या सवयी सोडवायलाच तर ते धडे हवेत.

लेखी परीक्षा संगणकावर असते. प्रश्न 30, आणि चुकलेल्या प्रश्नांचे दंडगुण 10 पर्यंत माफ. मेख अशी की 5 गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज 10 च होत असूनही नापास. ही परीक्षा इंग्रजीतून देता येते, हिंदीतून नाही. प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच. परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि तिथून सूचना देतो. लिंक्स, रेख्ट्स आणि गेराडेआउस, म्हणजे डावीकडे, उजवीकडे आणि सरळ, हे तिन्ही झोपेतून उठवलं तरी कळले पाहिजेत. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग केले असतील तर एवढं पुष्कळ झालं.

आता गाडीत बसू. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच आहे, पाय गोंधळत नाहीत. गोंधळतात ते हात. गिअर आता उजव्या हाताला, आणि डावा हात सवयीने दाराच्या हँडलवर जाऊन आपटतो. मारुती, ह्युंडाई किंवा टाटाची गाडी चालवलेली असेल तर इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, इथे ती डावीकडे. त्यामुळे कोरड्या ठणठणीत उन्हात वळणावर वायपर फिरवणारी गाडी दिसली की आत नवा भारतीय आहे हे ओळखावं. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. नेता येत नाही ती गोष्ट म्हणजे गाडीची रुंदी. इतकी वर्षं आपण उजवीकडे बसलो आणि गाडी आपल्या डावीकडे पसरलेली होती. आता ती उजवीकडे पसरलेली असते, आणि डोक्याला ते पटायला वेळ लागतो. नवा माणूस नकळत उजवीकडे सरकत जातो आणि रस्त्याकडेला उभ्या गाड्यांच्या आरशांना घासतो. उपाय सोपा आहे: ड्रायव्हरची सीट नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ असायला हवी. तुम्ही फुटपाथच्या बाजूला बसलेले आहात असं वाटलं, तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.

बाजू चुकण्याचा धोका गर्दीत नसतोच, तो रिकाम्या रस्त्यावर असतो. रविवारी सकाळी पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, पार्किंगमधून निघताना, शेतातल्या अरुंद रस्त्याने आल्यावर मोठ्या रस्त्याला लागताना. मागे-पुढे कुणी नाही, मग हात जुन्या वळणावर जातो. अशा वेळी निघण्याआधी क्षणभर थांबून मनात म्हणा: डावं वळण मोठं, उजवं वळण छोटं. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात उलटं फिरायचं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. तिथे शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना मात्र द्यायचा. आणि चालत असाल तर रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. गाडी शिकण्याच्या कितीतरी आधी हे लागतं, आणि नव्याने आलेल्यांना ते कुणी सांगत नाही.

आता 'आधी कोण'. जर्मन वस्त्यांमधल्या 30 च्या झोनमध्ये, म्हणजे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असलेल्या भागात, बहुतेक चौकांत ना सिग्नल असतो ना पाटी. तिथे एकच नियम: रेख्ट्स फोर लिंक्स, उजवीकडून येणारा आधी. हा नियम मला पुस्तकातून कळला होता, पण पटला तो एका सहकाऱ्याच्या गाडीत बसल्यावर. आम्ही बऱ्यापैकी रुंद रस्त्याने चाललो होतो. उजवीकडून एक बोळ येऊन मिळत होता, कचऱ्याची गाडी जेमतेम मावेल एवढा. त्याने वेग कमी केला, बोळाच्या तोंडाशी अर्धवट थांबला आणि आत डोकावून बघितलं. एक आजोबा छोट्या गाडीतून आले आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता समोरून निघून गेले. हात वर करून आभार नाहीत, मान डोलावणं नाही. त्यांचा हक्क होता, तो त्यांनी घेतला. आपल्याकडच्या हिशेबाने बघितलं तर मोठ्या रस्त्यावरच्याने बोळातल्यासाठी थांबायचं काही कारणच नाही. इथे रस्त्याची रुंदी बघायचीच नाही. बोळ मोठ्या रस्त्यापाशीच संपत असला, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड असला, तरी नियम तोच. अपवाद म्हणजे उजवीकडून येणारा खाली उतरवलेल्या फुटपाथच्या कडेवरून, कुणाच्या आवारातून किंवा शेतातल्या वाटेने येत असेल, तर त्याने थांबायचं.

पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला आणि पांढऱ्या किनारीचा, दिसला की समजा तुम्ही अग्रक्रमाच्या रस्त्यावर आहात. मग उजवीकडच्यांनी थांबायचं. आणि इथे आपली भिडस्त माणसं उलट्या बाजूने अडकतात. ती थांबून दुसऱ्याला हाताने 'जा, जा' करतात. परीक्षेत हे मोजलं जातं, आणि परीक्षेबाहेरही मागचा माणूस बुचकळ्यात पडतो. अग्रक्रम तुमचा असेल तर जायचं. काही ठिकाणी हा अग्रक्रमाचा रस्ता चौकातच वळतो. पाटीखाली एका छोट्या नकाशात जाड रेघ वळलेली दाखवतात. त्या रेघेबरोबर वळायचं असेल तर, तोच रस्ता असला तरी, इंडिकेटर द्यावा लागतो. परीक्षेच्या वाटेवर असा एक चौक बऱ्याचदा असतो, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक, खास आपल्यासाठी. समोरच्याने हेडलाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब'. इथे चौकात किंवा अरुंद रस्त्यावर कुणी लाइट मारला तर बहुधा 'तुम्ही जा' असं तो सांगत असतो. कायद्याने लाइट हा इशाऱ्यासाठीच आहे, पण लोकांची रीत ही आहे. अर्थ नेमका उलटा लागला तर दोघंही थांबतील, हे तरी बरं. दोघंही निघाले तर पंचाईत. हॉर्नचं तर नावच काढू नका. धोका असेल तेव्हा किंवा गावाबाहेर ओव्हरटेक करताना वाजवायची मुभा आहे, बाकी वाजवला की आजूबाजूचे सगळे वळून बघतात.

उजवीकडे वळताना सिग्नल हिरवा असतो, तेव्हा त्याच बाजूने सरळ जाणाऱ्या पादचाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचाही सिग्नल हिरवाच असतो. गाडीने थांबायचं, त्यांनी जायचं. सायकलवाला उजव्या बाजूने, वेगात, आरशात न दिसता येतो. म्हणून मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. याला शुल्टरब्लिक म्हणतात, आणि परीक्षक मागच्या सीटवरून तुमची मान बघत बसलेला असतो. नुसते डोळे फिरवून चालत नाही, मान फिरलेली त्याला दिसली पाहिजे. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. जागा नसेल तर तिच्या मागे रांगत जायचं, शिव्या न देता. स्टुटगार्ट वाडग्यासारखं आहे. चहूबाजूंनी चढ आणि चढावर दोन्हीकडे उभ्या गाड्या, त्यामुळे हे रांगणं रोजचंच.

ऑटोबान, म्हणजे इथला एक्स्प्रेसवे, याविषयी लोक आल्याआल्या विचारतात, पण शिकायला ती सर्वांत सोपी. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर ट्रक सगळ्यात वेगवान लेन धरून बसतो आणि आपण त्याला डावीकडून काढतो. इथे तो हिशेब विसरायचा. उजवी लेन चालायला, डावी ओव्हरटेकला, आणि काम झालं की लगेच परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. जिथे वेगमर्यादा नाही तिथेही 130 हा शिफारस केलेला वेग आहे. तुम्ही 130 ने जात असताना मागचा 200 ने येत असतो, आणि आरशात तो ठिपका असतो तेव्हा 'अजून लांब आहे' असं वाटतं. डावीकडे जाण्याआधी आरसा एकदा बघून थांबू नका. क्षणभराने पुन्हा बघा, ठिपका किती वाढला ते कळतं. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वेगाच्या निम्मं, मीटरमध्ये: 100 चा वेग असेल तर 50 मीटर.

ट्रॅफिक जाम झाला की मात्र लगेच करायची एक गोष्ट आहे. रुग्णवाहिकेसाठी वाट काढायची, रेटुंग्सगासे. सगळ्यात डाव्या लेनवाल्यांनी डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही, गाड्या रेंगाळू लागल्या की लगेच. न सरकणाऱ्याला किमान 200 युरो दंड, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी बंद. हे नियमभंगाचे पॉइंट फ्लेन्सबुर्ग शहरातल्या सरकारी नोंदवहीत जमा होतात, आणि 8 झाले की लायसन्स जातं.

परीक्षेच्या दिवशी साधारण तासभर लागतो. मुद्दाम वेगळं काही करू नका; 30 ला 30, 50 ला 50, प्रत्येक वळणाआधी आरसा, खांदा, इंडिकेटर. हळू चालवलं म्हणजे सुरक्षित, हा आपला समज तिथे महागात पडतो. मोकळ्या रस्त्यावर 50 च्या जागी 35 ने गेलात तर परीक्षकाच्या कपाळावर आठी येते. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा द्यायची असेल तर शिकवणाऱ्याला आधीच विचारून घ्या, कारण नंतर मॅन्युअल चालवता येईल का हे तुम्ही मॅन्युअलवर ठरावीक धडे घेतलेत की नाही यावर ठरतं.

कार्ड हातात पडल्यावर युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ते चालतं, त्यात आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसही आले, जिथे अजून डावीकडून चालवतात. गंमत म्हणजे गोवाही याच डाव्या बाजूचा. पोर्तुगालने 1928 मध्ये उजवी बाजू धरली, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असल्याने गोव्याने डावीच ठेवली. आयर्लंडला सुट्टीत गाडी भाड्याने घ्याल तर 'हे तर आपलंच' असं समजून लगेच हायवेला लागू नका. विमानतळावरच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारा, वायपर आणि इंडिकेटर एकदा तपासा, आणि ऑटोमॅटिक मिळत असेल तर ती मागून घ्या.